वॉनामेकर, रॉडमन
वॉनामेकर, रॉडमन : (१३ फेब्रुवारी १८६३–९ मार्च १९२८). अमेरिकन व्यापारी व कलांचा आश्रयदाता. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथील वॉनामेकर डिपार्टमेंट स्टोअर्सचा चालक. दुकानातील नोकरवर्गात संगीताला उत्तेजन देणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी येते. जन्म फिलाडेल्फिया येथे. वडील जॉन वॉनामेकर हे या पेढीचे संस्थापक. रॉडमन १८८६ मध्ये प्रिन्स्टन येथून पदवीधर झाला. पेढीच्या कामासाठी त्याने पॅरिसमध्ये बरीच वर्षे काढली. त्याची कलाविषयक अभिरुची तेथेच घडली असे मानतात. वडिलांच्या मृत्यूनंतर (१९२२) दुकानांची सर्व सूत्रे त्याच्याकडे आली. व्यावसायिक गोल्फ खेळाडूंची संघटना, विमानोड्डाणे इ. क्षेत्रांतही त्याने पैसा ओतला.

दुकानात संगीत आणण्याचे श्रेय पित्याचे की पुत्राचे, याविषयी मतभेद आहेत. वॉनामेकर पेढी पियानो विकत असे, त्यामुळे दुकानातील मैफली हा विक्रीचाच भाग होता, असे एक मत. न्यूयॉर्कच्या दुकानात एप्रिल १९०४ मध्ये जर्मन संगीतकार रिखार्ट श्ट्राउस याने वाद्यवृंद संचालित केला, तेव्हा जर्मन वृत्तपत्रांनी त्याच्यावर याच कारणासाठी टीका केली होती. फिलाडेल्फियाच्या दुकानात बसविलेल्या प्रचंड ऑर्गनची १९०९ मधील खरेदीही जॉन यांच्या नावावर आहे. मात्र त्यानंतरचा विस्तार पाहता संगीतविषयक पुढाकार मुख्यतः रॉडमनचा होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा ऑर्गन मूळचा सेंट लुईस येथील १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला. आराखडा जॉर्ज अ‍ॅश्डाउन ऑड्झ्ली याचा. बांधणी लॉस अँजेल्स आर्ट ऑर्गन कंपनीची. प्रदर्शनानंतर तो पडून होता. रेल्वेच्या १३ मालडब्यांतून तो फिलाडेल्फियाला आणला गेला आणि इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, २२ जून १९११ रोजी, प्रथम वाजविण्यात आला. मराठी संगीत नाटकांमुळे परिचित असलेला ऑर्गन पायाने भाता चालवून धातूच्या कंप पावणाऱ्या पट्ट्यांवर वाजतो. येथे मात्र स्वर मुख्यतः धातूच्या व लाकडाच्या नळ्यांतून निघतो आणि एकेका नळीचा एकच स्वर असतो. मूळ नळ्या सु. १०,०००. डॅनियल बर्नम याने आखलेल्या दुकानाचा मधला चौक सात मजले उंच, त्यामुळे एवढ्या नळ्यांचा आवाजही अपुरा पडला. मग दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑर्गन बांधण्याचा खास कारखानाच उघडण्यात आला. भरभराटीच्या काळात तेथे सु. ४० कारागीर पगारावर होते. १९१७ पर्यंत सु. ८,००० आणि १९२४ ते १९३० दरम्यान आणखी सु. १०,००० नळ्यांची भर पडली. एकूण नळ्यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. २८,७५० नळ्या व ४६४ रांगा (एका जातीच्या स्वराच्या नळ्यांचा संच म्हणजे एक रांग) हा अलीकडचा आकडा सामान्यतः स्वीकारला जातो. वादकासमोर सहा स्वरपट्टे (कळफलक) असून केवळ तंतुवाद्यसदृश स्वरांच्या दालनात ८८ रांगा आहेत. ‘जगातील सर्वांत मोठा ऑर्गन’ हे विशेषण जपून वापरावे लागते : अटलांटिक सिटीच्या सभागृहातील ऑर्गनच्या नळ्या याहून अधिक, पण तो दीर्घकाळ अंशतःच चालू राहिला आहे.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर चौकातील काउंटर हलवून मैफली होत. १९१९ मध्ये वाद्यवृंदसंचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की व फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा यांनी येथे वादन केले. ८ डिसेंबर १९२१ रोजी फ्रेंच ऑर्गनवादक मार्सेल द्यूप्रे याने येथेच केलेल्या उत्स्फूर्त वादनातून त्याची पॅशन सिंफनी आकारास आली. बेल्जियन संगीतकार जोझेफ याँगेन याच्याकडून रॉडमनने ऑर्गन व वाद्यवृंदासाठी रचना करवून घेतली. ती या ऑर्गनवर मात्र २००८ मध्येच वाजली. पुढे हे दुकान चालविणाऱ्या मेसीज कंपनीने ते मार्च २०२५ मध्ये बंद केले.

नोकरवर्गाच्या संगीताची परंपरा रॉडमनपूर्वीची आहे. पेढीत कामाला असलेल्या मुलामुलींसाठी १८९० नंतरच्या दशकात दुकानातच शाळा सुरू झाली. हिशेब व पत्रव्यवहाराबरोबर तेथे लष्करी कवायत होती आणि कवायतीमुळे बँड, बिगुल व ढोल आले. या उपक्रमांकडे नोकरांना पेढीशी बांधून ठेवण्याचे साधन म्हणून पाहणारे अभ्यासक आहेत. पेढी नोकरवर्गाला ‘स्टोअर फॅमिली’ म्हणत असे, हे त्याला पूरकच. समकालीन उदाहरण त्याच शहरातील स्ट्रॉब्रिज अँड क्लोदिअर या दुकानाचे. त्याचे संस्थापक क्वेकर, म्हणजे मौन उपासनेच्या पंथाचे. तरीही तेथील उच्चाधिकारी हर्बर्ट टायली नोकरांच्या गायकवृंदाचे संचालन स्वतः करीत असे. रॉडमनचा भर गाण्यात भाग घेण्यापेक्षा आश्रय देण्यावर होता.

फिलाडेल्फियाच्या दुकानातील कृष्णवर्णीय नोकरांची रॉबर्ट कर्टिस ऑग्डेन असोसिएशन ही संस्था होती. नाव जॉन वॉनामेकर यांच्या भागीदारावरून. कृष्णवर्णीय संगीतकारांसाठी रॉडमनच्या नावे १९२७ पासून दिल्या जाणाऱ्या पारितोषिकांची व्यवस्था या संस्थेशी निगडित होती. ही स्पर्धा त्याच्या मृत्यूनंतरही काही वर्षे चालली. १९३२ मध्ये फ्लॉरेन्स प्राइस हिच्या ई मायनर सिंफनीला ५०० डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले, तर गीतरचनेचे पारितोषिक तिची शिष्या मार्गारेट बाँड्स हिला. प्राइसची सिंफनी १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने सादर केली.