स्टार्टअप हो म्हणतं, मग गाडी अडते कुठे? अमेरिकेतल्या इंटर्नशिप व्हिसाची पार्श्वभूमी

माझ्या भाचीला गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका सात-आठ जणांच्या स्टार्टअपने इंटर्नशिप देऊ केली, फाउंडर तयार, काम ठरलेलं, आणि सगळं अडलं ते कागदांवर. तेव्हापासून मी हे नियम वाचत बसलोय आणि एक गोष्ट स्पष्ट दिसते, हे नियम बनवताना समोर विद्यापीठ होतं, मोठी कंपनी होती, पण चार टेबलांची कंपनी कुणाच्या डोळ्यासमोरच नव्हती.

मूळ आहे १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावाला फक्त शिकायला येतो आणि मायदेशातलं घर सोडायचा त्याचा इरादा नाही, असं तिथे गृहीत धरलंय. म्हणजे पगार घेणं हा आधीपासूनच अपवाद! तो अपवाद कायद्याने नाही तर सरकारी नियमाने दिलेला, १९४७ पासून शिक्षणाला जोडून 'प्रॅक्टिकल ट्रेनिंग'ला परवानगी होतीच, १९९२ मध्ये त्याचं 'ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग' म्हणजे ओपीटी झालं, १२ महिन्यांचं, बहुतेक जण ते शिक्षण संपल्यावर करतात. शिकताना करायचं ते सीपीटी, म्हणजे 'करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग', त्याला साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण लागतं, काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, आणि फुलटाइम सीपीटी १२ महिने केलं तर त्या डिग्रीचं ओपीटी गेलं. हे आपल्या पोरांना कुणीतरी आधीच ओरडून सांगायला पाहिजे.

ओपीटी संपल्यावर एच-वन-बी, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळवायचा नोकरीचा व्हिसा. १९९० च्या कायद्याने वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली, डॉटकॉमच्या भरात ती १,९५,००० पर्यंत गेली आणि २००४ च्या कोट्यापासून परत ६५,००० वर आली, वर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना २०,००० जास्तीच्या. अर्ज मर्यादेच्या कितीतरी पुढे गेले आणि लॉटरी सुरू झाली. मग एप्रिल २००८ मध्ये बुश सरकारने स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) डिग्रीवाल्यांना ओपीटी १७ महिने वाढवून दिलं, पण अट घातली की कंपनी ई-व्हेरिफायवर, म्हणजे कामाची परवानगी तपासायच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, नोंदलेली हवी. लोकांची मतं न मागवता घाईत नियम काढला म्हणून टेक कामगारांची एक संघटना कोर्टात गेली, ऑगस्ट २०१५ मध्ये कोर्टाने तो रद्दही ठरवला, हजारो पोरं टांगणीला, शेवटी मे २०१६ पासून २४ महिन्यांचा नवा नियम आला.

छोट्या कंपनीची खरी पंचाईत या नव्या नियमात आहे. आय-९८३ नावाचा ट्रेनिंग प्लॅन भरायचा, शिकवणारा आणि देखरेख करणारा माणूस दाखवायचा, पगार तशाच कामाच्या अमेरिकन माणसाएवढा, आठवड्याला किमान २० तास. "आत्ता पैसे नाहीत, शेअर्स देतो" एवढं म्हणून भागत नाही, शेअर्स धरून एकूण मोबदला त्याच तोडीचा आहे हे दाखवावं लागतं. स्वतःचीच कंपनी काढली तर स्वतःच्याच प्लॅनवर मालक म्हणून सही करता येत नाही. पहिल्या १२ महिन्यांना ई-व्हेरिफाय लागत नाही, म्हणून कित्येकांना ही अडचण वर्ष संपत आलं की कळते, आणि ओपीटीत नोकरीशिवाय रिकामं बसायची मुभा आधी ९० दिवस, स्टेम धरून एकूण १५०.

पुण्यात किंवा नागपुरात शिकत असताना थेट तिकडे इंटर्नशिपला जायचं तर जे-वन, म्हणजे एक्स्चेंज कार्यक्रमांचा व्हिसा. त्यातला इंटर्न गट २००७ चा. मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्था शोधावी लागते, आणि कंपनी या कार्यक्रमात नवीन असून तिथे २५ पेक्षा कमी माणसं किंवा वर्षाची उलाढाल ३० लाख डॉलरच्या खाली असेल तर स्पॉन्सरने प्रत्यक्ष जाऊन जागा बघायची. कागदी कंपन्यांत पोरं फसू नयेत म्हणून हे आहे आणि ते योग्यच आहे, पण कुणाच्या तरी घरून चालणारं स्टार्टअप इथेच मागे फिरतं. जॉन केरी आणि रिचर्ड लुगार यांनी २०१० मध्ये सिनेटमध्ये स्टार्टअप व्हिसाचं विधेयक आणलं होतं, ते पास झालं नाही, आणि तेही फाउंडरसाठी होतं, इंटर्नसाठी नाही.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यातले ९७,५५६ ओपीटीवर. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी आली तेव्हा या घराघरांत रात्रभर फोन चालू होते. महिन्याभराने खुलासा झाला की तिथेच राहून एफ-वनवरून एच-वन-बीवर जाणाऱ्याला ती लागू नाही. पण इथून नवीन माणूस बोलवायचा तर ती लागते, आणि सात-आठ जणांच्या कंपनीने ती कुठून भरायची?