सतराव्या वर्षी डॉक्टरकीची जागा: अमेरिकेतल्या बीएस-एमडी प्रवेशाची पार्श्वभूमी

न्यू जर्सीत राहणारी माझी भाची यंदा अकरावीत आहे. तिच्या लॅपटॉपवर कायम एक तक्ता उघडा असतो. कॉलेजचं नाव, अभ्यासक्रम किती वर्षांचा, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) लागते का, पुढे एमकॅट (मेडिकल प्रवेशाची परीक्षा) द्यावी लागते का, अर्जाची शेवटची तारीख. पुण्याहून आजी व्हिडिओ कॉलवर विचारते, "अगं, बारावी झाली की मेडिकलला जायचं, त्यात एवढा घोळ कसला?"

आजीचं म्हणणं आपल्या इथल्या हिशेबाने बरोबरच आहे. आपल्याकडे बारावी, नीट आणि मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. पदवी आणि मेडिकल या दोन्हींचा प्रवेश शाळेत असतानाच एकदम देणारे मोजके अभ्यासक्रम तिथे आहेत. त्यांना बीएस-एमडी किंवा बीए-एमडी म्हणतात; एमडी ही तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एमबीबीएससारखी. काही सहा वर्षांचे, काही सात, काही पूर्ण आठ. असं का, हे त्या तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की मुलीची संधी कुठे आहे तेही जास्त स्पष्ट दिसतं.

आजी म्हणते ती पद्धत एके काळी अमेरिकेतही होती. जून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्या आणि थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी, रोझेल गावी राहिल्या. हे रोझेल न्यू जर्सीतलंच, एडिसनच्या आपल्या मराठी वस्तीपासून फार लांब नाही. आनंदीबाईंचं वय अठरा. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या. आधी पदवी घेऊन या, असं तिथे कुणी म्हटलं नाही. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. मार्च १८८६ मध्ये एमडी झाल्या तेव्हा त्यांना एकविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. अमेरिकेतल्या मराठी घरांत आनंदीबाईंचा फोटो भिंतीवर असतो, पण आज त्या आल्या असत्या तर पदवी नाही म्हणून बहुतेक मेडिकल स्कूलनी त्यांचा अर्ज उघडलाच नसता, हे सहसा लक्षात येत नाही.

दार बंद झालं ते पुढच्या तीस वर्षांत. १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल सुरू झालं. त्यासाठीचा पैसा कमी पडत होता. मेरी गॅरेट यांनी तीन लाख डॉलरहून अधिक देणगी दिली, पण अटी घालून: मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे आणि येणारा प्रत्येक विद्यार्थी पदवीधर असला पाहिजे. पदवीची अट अशी एका बाईच्या देणगीतून आली, हे मला फार विलक्षण वाटतं. मग १९१० मध्ये शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला. अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल स्कूल त्यांनी तपासली. अनेक ठिकाणी प्रयोगशाळा नावालाच, फी भरली की प्रवेश, असा कारभार होता. त्यांनी हॉपकिन्सचा नमुना समोर ठेवला. दर्जा सुधारला, यात शंका नाही. पण पुढच्या काळात कित्येक शाळा बंद पडल्या. कृष्णवर्णीयांसाठीच्या सात शाळांपैकी पाच त्यात गेल्या, आणि डॉक्टर होणं ही चार वर्षं कॉलेजचा खर्च झेपणाऱ्यांची गोष्ट होत गेली. १९२८ पासून प्रवेशासाठी अभियोग्यता चाचणी सुरू झाली, आजच्या एमकॅटची ती पणजी. कारण अगदी व्यावहारिक होतं: प्रवेश घेतलेली बरीच मुलं मध्येच गळत होती.

दुसऱ्या महायुद्धात डॉक्टर लवकर हवे होते, म्हणून सुट्ट्या काढून टाकून चार वर्षांचं मेडिकल तीन वर्षांत उरकलं गेलं. युद्ध संपलं आणि घडी पुन्हा बसली, पण अभ्यास आटोपशीर करता येतो हे लोकांनी पाहिलेलं होतं. १९५९ मध्ये सरकारने नेमलेल्या बेन समितीच्या अहवालाने इशारा दिला की लोकसंख्या वाढतेय त्या मानाने डॉक्टर पुरणार नाहीत. १९६१ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नने आणि बोस्टन विद्यापीठाने शाळेतूनच हुशार मुलं निवडून थेट मेडिकलपर्यंत नेणारे अभ्यासक्रम काढले. १९६३ मध्ये पेन स्टेट आणि फिलाडेल्फियाचं जेफरसन यांनी हातमिळवणी केली. या पहिल्या पिढीचा उद्देश एकच होता: वर्षं वाचवा.

याच सुमाराला, १९६५ मध्ये, अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला. मुंबईच्या ग्रँट आणि जीएस, पुण्याच्या बीजे अशा मेडिकल कॉलेजांतून एमबीबीएस झालेली मंडळी तिकडे जाऊ लागली, कारण तिथल्या हॉस्पिटलांना माणसं हवी होती. ज्यांनी स्वतः सतरा-अठराव्या वर्षी मेडिकलला प्रवेश घेतला होता, त्यांना आपल्या मुलांसाठी बीएस-एमडी हीच सरळ वाट वाटली. मराठी आईबापांमध्ये या अभ्यासक्रमांचं एवढं आकर्षण का, याचं हे मूळ आहे.

दुसरी पिढी आली ती राज्यांच्या आणि शहरांच्या गरजेतून. १९७१ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डॉ. ग्रे डायमंड यांच्या कल्पनेतून सहा वर्षांचं बीए-एमडी सुरू झालं. इथे आधी पदवी आणि मग मेडिकल अशी भिंतच ठेवली नाही. अठरा वर्षांचं पोर पहिल्याच वर्षी हॉस्पिटलमध्ये शिरतं. साधारण बारा जणांचा एक गट आणि त्याला एक डॉक्टर नेमलेला, त्याला तिथे डोसेंट म्हणतात. पुढच्या वर्षांत दर आठवड्याला अर्धा दिवस बाह्यरुग्ण विभागात तेच गुरू, तेच सोबती आणि पुष्कळदा तेच पेशंट. मधुमेहाची एखादी आजी पहिल्यांदा येते तेव्हा विद्यार्थी तिचं नुसतं ब्लड प्रेशर लिहून घेतो, दोन वर्षांनी तोच तिच्या पायाची जखम तपासून डोसेंटला सांगतो. आपल्याकडच्या गुरुगृहाच्या इतकं जवळ जाणारं काही अमेरिकन शिक्षणात मी दुसरं पाहिलं नाही.

१९७३ मध्ये ईशान्य ओहायोत तीन सरकारी विद्यापीठांनी मिळून असाच घाट घातला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात सोफी डेव्हिस स्कूल निघालं. तिथला हेतू उघड होता: शहरातल्या गरीब वस्त्यांतली, डॉक्टरकीत फारशी न दिसणारी मुलं घ्यायची आणि त्यांनी त्याच वस्त्यांत प्राथमिक उपचाराचं काम करावं अशी अपेक्षा ठेवायची.

मग वारं फिरलं. १९८० मध्ये एका सरकारी समितीने सांगितलं की १९९० पर्यंत देशात सत्तर हजार डॉक्टर जास्तीचे होतील. टंचाईसाठी काढलेल्या अभ्यासक्रमांपुढे प्रश्न उभा राहिला, आता घाई कशाला? उत्तर ब्राऊन विद्यापीठाने दिलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी आठ वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एकही वर्ष वाचत नाही. वाचते ती धास्ती. जागा पक्की असल्यामुळे मुलाने पदवीला इतिहास घ्यावा, संगीत घ्यावं, एमकॅटची चिंता करू नये, असा विचार. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने त्याच दिशेने एक पाऊल टाकलं, शाळेतल्या मुलांसाठी नव्हे तर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी. ऑरगॅनिक केमिस्ट्री नाही, एमकॅट नाही, तरी प्रवेश. २०१० मध्ये या मुलांच्या प्रगतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ती मेडिकलमध्ये इतरांच्या बरोबरीने उतरल्याचं दिसलं.

डॉक्टर जास्तीचे होणार हे भाकीत पुढे फिरलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या संघटनेने जागा तीस टक्क्यांनी वाढवायची हाक दिली. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोने आपल्याच राज्यातल्या मुलांसाठी बीए-एमडी काढलं. वाळवंटी खेड्यांत डॉक्टर टिकत नाहीत, तर तिथलीच मुलं घडवायची, हा त्यामागचा विचार.

आता भाचीच्या तक्त्याकडे येऊ. तिच्या यादीतली प्रत्येक जागा यांपैकी कुठल्या तरी गरजेतून आलेली आहे, आणि निवड समिती आजही त्याच गरजेचा माणूस शोधते. मार्क उत्तम असतातच, अर्ज करणाऱ्या जवळपास सगळ्यांचे. फरक पडतो तो पुढे. राज्याच्या पैशावर चालणारं कॉलेज राज्यातल्या मुलाला झुकतं माप देतं. सेवाभावी अभ्यासक्रमाला मुलाने नर्सिंग होममध्ये दोन वर्षं म्हाताऱ्यांना जेवण भरवलंय का, हे पाहायचं असतं. त्याला प्रयोगशाळेतल्या संशोधनाची भली थोरली यादी फार उपयोगी पडत नाही. ब्राऊनसारखं ठिकाण विचारतं, डॉक्टरकीशिवाय तुला कशात रस आहे? सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला खात्री हवी असते की या पोराचा निर्णय कच्चा नाही. तेच निबंध सगळीकडे पाठवणाऱ्या मुलांचं इथे नुकसान होतं, आणि आपली मुलं ही चूक फार करतात. शॅडोइंगचे, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून काम पाहण्याचे तास मोजतात, त्या तासांत काय पाहिलं ते सांगता येत नाही.

"गॅरंटी" हा शब्दही जपून वाचायचा. बहुतेक ठिकाणी ठरावीक जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) राखावा लागतो, काही ठिकाणी एमकॅटचा किमान स्कोअरही लागतो. कुठे दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर राखलेली जागा जाते, कुठे जात नाही. शिवाय हे अभ्यासक्रम कायमचे नसतात. साठ वर्षांच्या आसपास चाललेला नॉर्थवेस्टर्नचा अभ्यासक्रम बंद झाला आहे.

एक गोष्ट मनाला लागते. बरेच अभ्यासक्रम फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचे अर्ज घेतात. एच-वन व्हिसावर आलेल्या आपल्या कुटुंबांतली मुलं दोन-तीन वर्षांची असताना तिकडे गेली, तिथेच शिकली, पण ग्रीन कार्डच्या रांगेत आईवडिलांची वर्षं गेली आणि मूल एच-फोर या आश्रित व्हिसावरच राहिलं, तर त्यांच्यासाठी यादीतली निम्मी दारं आधीच लावलेली असतात. एकविसाव्या वर्षी तो आश्रित व्हिसाही संपतो. अशा घरांनी नववीतच प्रत्येक कॉलेजची ही अट वाचून ठेवावी. अकरावीत कळलं तर फार उशीर होतो.

आणि नाही मिळालं तर? नेहमीची वाट आहेच. २०२३ मध्ये अमेरिकेत एमडीसाठी सुमारे साडेबावन्न हजार जणांनी अर्ज केले आणि जवळपास तेवीस हजारांना प्रवेश मिळाला. बीएस-एमडीच्या नावाजलेल्या अभ्यासक्रमांत शंभरात मोजक्यांचीच निवड होते, त्या मानाने ही वाट पुष्कळ रुंद आहे. भाचीने परवा तक्त्यात एक नवा रकाना वाढवला: "हा कोर्स का सुरू झाला?" सहा कॉलेजांपुढे तिने उत्तर लिहिलंय. चार कॉलेजं तिने स्वतःच यादीतून काढून टाकली.