विंचवाचं बिऱ्हाड, परक्याचं छप्पर

अमेरिकेत चक्रीवादळ किंवा पूर येऊन गेला की आठवड्या-दोन आठवड्यांत टीव्हीचे कॅमेरे निघून जातात. पुढे काही महिन्यांनी एखाद्या चर्चच्या मैदानात मोटरहोम आणि ट्रेलर, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या, येऊन लागतात. त्यांतून साठी-सत्तरीची जोडपी उतरतात, गाडीला पाण्याची नळी, विजेची तार आणि सांडपाण्याचा पाइप जोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी माणसाच्या घराच्या भिंती उभ्या करायला जातात. डिझेलचा खर्च त्यांचा स्वतःचा. यजमान संस्था बहुतेक ठिकाणी फक्त जागा आणि जोडण्या देते. मुलं-नातवंडं हजार-दीड हजार मैलांवर असतात. ही माणसं भली आहेत, पण नुसत्या भलेपणातून एवढी फौज उभी राहत नाही. तिच्यामागे तीन वेगवेगळे इतिहास आहेत.

पहिला रस्त्याचा आणि पेन्शनचा. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणी ठरावीक रक्कम हातात येऊ लागली, 1965 मध्ये मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा आला आणि पासष्टीनंतरच्या दवाखान्याच्या खर्चाची धास्ती कमी झाली. 1956 च्या कायद्याने 41,000 मैलांच्या महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. दहा वर्षांनी, 1966 मध्ये, आयोवातल्या विनेबागो कंपनीने कारखान्यात ओळीने मोटरहोम बनवायला सुरुवात केली आणि स्वयंपाकघर, संडास, पलंग असलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. घर विकायचं आणि विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघायचं, हे आता वेडेपणाचं राहिलं नव्हतं. 1978 मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने अशा कायम फिरणाऱ्यांसाठी ‘एस्केपीज’ हा क्लब काढला. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावात त्यांची टपाल गोळा करून पुढे पाठवण्याची व्यवस्था आहे. ज्याला कायमचा पत्ता नाही त्याने मतदान कुठे करायचं, वाहन परवाना कुठला काढायचा, असे प्रश्न त्या एका पत्त्यावर सुटतात.

दुसरा इतिहास चर्चचा. मेनोनाइट आणि आमिश या ख्रिस्ती पंथांच्या शेतकऱ्यांत कुणाचं कोठार जळलं की सगळी वस्ती जमून ते पुन्हा उभं करते. 1950 मध्ये कॅन्ससमधल्या हेस्टन गावी मेनोनाइट तरुण जोडप्यांच्या एका सहलीत विचार निघाला की हीच रीत वस्तीबाहेर का नेऊ नये. त्यातून ‘मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस’ ही आपत्तीनंतर मदत करणारी संस्था निघाली.

तिसरा धागा जॉर्जियातल्या अमेरिकस गावाजवळचा. तिथे क्लॅरेन्स जॉर्डन यांनी 1942 मध्ये ‘कोइनोनिया’ नावाची शेती सुरू केली. काळे-गोरे एकत्र राहतील, एकत्र जेवतील, हा नियम. अमेरिकेच्या दक्षिणेत, वर्णभेदाच्या त्या काळात! पन्नाशीच्या दशकात शेजाऱ्यांनी बहिष्कार टाकला, गोळीबारही झाला. अलाबामातला लक्षाधीश वकील-व्यापारी मिलार्ड फुलर संसार मोडायच्या बेतात असताना पत्नी लिंडासह या शेतावर येऊन थडकला. दोघांनी संपत्ती वाटून टाकली. 1968 पासून कोइनोनियात नफा नाही, व्याज नाही या तत्त्वावर गरिबांसाठी घरं बांधली जाऊ लागली. फुलर दांपत्याने काही वर्षं झैरमध्ये (आजच्या काँगोत) हाच प्रयोग केला आणि परतल्यावर 1976 मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ स्थापन केली. घर फुकट मिळत नाही. घरमालकाने स्वतःच्या आणि इतरांच्या घरांवर शेकडो तास राबायचं आणि बिनव्याजी हप्ते फेडायचे. 1984 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझॅलिन न्यूयॉर्कमध्ये 19 कुटुंबांसाठी एक सहा मजली पडकी इमारत दुरुस्त करायला हातोडा घेऊन गेले, आणि निवृत्त माणसाने उन्हात छपरावर चढण्याला एकदम प्रतिष्ठा आली. (हेच कार्टर 2006 मध्ये लोणावळ्याजवळ आले होते. आठवड्याभरात 100 घरांचं काम तिथे झालं.)

हे तिन्ही प्रवाह 1980 च्या दशकाच्या अखेरीस एकत्र आले. हॅबिटॅटने आर.व्ही.वाल्यांसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांतून फिरणाऱ्यांसाठी, ‘केअर-अ-व्हॅनर्स’ हा उपक्रम काढला, युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी ‘नोमॅड्स’ उभी केली. पद्धत सारखीच: दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम, एक म्होरक्या, मग पुढचं गाव.

यांची खरी गरज कळली ती 2005 च्या कॅटरिना वादळानंतर. न्यू ऑर्लिन्सचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला होता. घरं लाकडी सांगाड्याची, आतून जिप्समच्या पाट्या लावलेली. पाटी भिजली की पाणी वर शोषते आणि बुरशी धरते. त्यामुळे आधी पाट्या कापून काढायच्या, भिंतीच्या पोकळीत ऊब राखायला भरलेला ओला थर बाहेर फेकायचा, लाकूड घासायचं, औषध मारायचं आणि ओलावा मोजायच्या यंत्रावर आकडा उतरेपर्यंत थांबायचं. मग वीस-पंचवीस किलोची एकेक नवी पाटी दोघांनी उचलून ठोकायची. सांध्यांवर पट्टी आणि लुकणाचे तीन हात, दर हाताला वाळवण, मग घासणी. वसंताच्या सुट्टीत आठवड्यासाठी आलेली कॉलेजची मुलं पाट्या फोडतात झकास, पण लुकणाचा दुसरा हात वाळायच्या आत त्यांची बस सुटते. म्हातारी मंडळी तिथेच असतात. शिवाय त्यांच्यात कुणी आयुष्यभर वायरिंग केलेलं असतं, कुणी सुतारकाम. माझ्या मते आर.व्ही.वाल्यांचं मोल त्यांच्या ताकदीत नाही, त्यांच्या सवडीत आहे.

त्याच गावात दुसऱ्या कडेला सरकारने पूरग्रस्तांना दिलेले ट्रेलरही रांगेने उभे होते. त्यातल्या अनेकांत फॉर्मल्डिहाइड या विषारी वायूचं प्रमाण घातक असल्याचं पुढे निघालं. हौसेने चाकांवर राहणारे आणि नाइलाजाने राहणारे समोरासमोर होते.

आता मदतीचा हिशेब. घराच्या नेहमीच्या विम्यात तिथे पूर बसत नाही. पुराचा सरकारी विमा 1968 पासून आहे, पण तो वेगळा घ्यावा लागतो आणि गरिबाघरी बहुधा नसतो. केंद्राच्या आपत्ती मदतीत साधारण 25 टक्के वाटा राज्याने आणि स्थानिक प्रशासनाने उचलायचा असतो, आणि पात्र ठरणाऱ्या कामावरच्या स्वयंसेवकांच्या नोंदवलेल्या तासांची किंमत त्या वाट्यात धरता येते. म्हणून सकाळी हजेरीपत्रकावर सही करून घ्यायला कुणी विसरत नाही. आजोबांच्या घामातून कंगाल तालुक्याचा भरणा होऊ शकतो. यात चलाखी आहे असं नाही, पण सरकारने यांना गृहीत धरलंय हे मात्र खरं.

घरच्यांचं काय? न्यू जर्सीला किंवा बे एरियात मुलाकडे सहा महिने जाऊन नातवंडं सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना हा उफराटा कारभार वाटेल. तिथे मात्र अनेक मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात आणि नोकरीमागे चार राज्यांत पांगतात. आईबाप एकाच गावी राहिले तरी तीन मुलांपासून लांबच. चाकांवर असले की निदान वाटेत मुक्काम होतो. तरी बारशाला, पदवीदानाला, कधी अंत्यविधीला पोचता येत नाही, आणि मग ज्यांच्यासोबत दिवसभर भिंती घासल्या तीच मंडळी रात्री केक कापायला असतात. गुडघे गेले, गाडी चालवणं बंद झालं, तर एस्केपीजने लिव्हिंग्स्टनमध्येच एक केंद्र उभारलंय. आपली गाडी तिथे लावून तिच्यातच राहायचं, जेवण आणि मदत केंद्राची.

पुढची भरती मात्र अवघड दिसते. ठरावीक पेन्शन देणाऱ्या खासगी नोकऱ्या 1980 नंतर आटत गेल्या, आज अनेक जण पासष्टीनंतरही कामावर जातात. चर्चचं सभासदत्वही ओसरतंय. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत 2020 मध्ये ते 47 टक्क्यांवर आलं, ऐंशी वर्षांत प्रथमच निम्म्याखाली. आणि कामाची यादी लांबतेच आहे: 2018 मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव वणव्यात जळालं, 2024 च्या हेलीन वादळात नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातली घरं वाहून गेली. अशा गावांना पुन्हा उभं राहायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर लुकण लावायला कुणीतरी मुक्कामाला हवं असतं.