कैदी पार्टी: बंद्यांची ने-आण करणाऱ्या पोलिसांच्या प्रशिक्षणामागचा इतिहास

पोलीस मुख्यालयातून रोज सकाळी ‘कैदी पार्टी’ निघते. कारागृहाच्या दारात बंदी ताब्यात घ्यायचे, गाडीत बसवायचे, कोर्टात किंवा इस्पितळात न्यायचे आणि संध्याकाळी परत जमा करायचे, असं हे काम. ठाणे मध्यवर्ती कारागृहापासून कोर्ट नाका हाकेच्या अंतरावर आहे. तळोजा कारागृहातून निघालेल्या गाडीला मात्र ठाणे, कल्याण, मुंबई अशा कुठकुठच्या तारखा गाठायच्या असतात. या ड्युटीचं स्वतंत्र प्रशिक्षण हवं ही मागणी नवी नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांचे अनुभव आहेत आणि त्यातला पहिला मोठा अनुभव ठाण्यातलाच आहे.

ठाण्याचं कारागृह मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी तो १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. १८३३ पासून तिथे तुरुंग आहे, पण मोठे राजबंदी त्याआधीही तिथे ठेवले जात. १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा ठपका पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला आणि दुसऱ्या बाजीरावाला त्यांना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. एतद्देशीय माणूस फितूर होईल या भीतीने ठाण्याच्या किल्ल्यात त्यांच्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा बसवला. त्या शिपायांना मराठी कळत नव्हतं. एक मराठा मोतद्दार साहेबाचा घोडा फिरवता फिरवता खिडकीखालून गाणी म्हणत जाई आणि बाहेर माणसं आणि घोडे कुठे तयार आहेत याचा निरोप त्या गाण्यातून आत पोचे. पहारेकरी ते ऐकत होते, पण त्यांच्या लेखी ते नुसतं गाणं होतं. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी शौचाच्या निमित्ताने खोलीबाहेर आले आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटले. पुढे १८१८ मध्ये ते पुन्हा सापडले आणि त्यांची रवानगी चुनारच्या किल्ल्यात झाली.

मला ही घटना ठाण्याच्या प्रत्येक नव्या शिपायाला सांगावीशी वाटते. भिंत भक्कम होती, पहारा कडक होता, बंदुका भरलेल्या होत्या. कमी पडलं ते भोवताली काय चाललंय हे ओळखणं. आज ठाण्यात आणि तळोज्यात मराठीचा गंध नसलेले, काही तर परदेशी बंदी असतात. कोर्टाच्या आवारात गाडीच्या जाळीपाशी नातेवाईक जमतात, कुणी चपला देतं, कुणी डब्याची पिशवी पुढे करतं, आणि त्या गलबल्यात चार शब्दांची देवाणघेवाण होतेच. ती कुठल्या भाषेत झाली आणि शेजारी उभ्या शिपायाला कळली का, हा प्रश्न १८१६ इतकाच आजही खरा आहे.

दुसरी घटना समुद्रावरची. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोट मार्सेलच्या बंदरात असताना विनायक दामोदर सावरकरांनी शौचकूपाच्या गोल खिडकीतून उडी टाकली आणि पोहत फ्रेंच किनारा गाठला. त्यांच्यावर लंडनच्या पोलीस अधिकाऱ्याचा आणि मुंबई पोलिसांचा पहारा होता. किनाऱ्यावर त्यांना पकडून परत बोटीवर आणलं गेलं आणि ते प्रकरण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला. अंदमानला पाठवण्याआधी सावरकर काही काळ ठाण्याच्याच तुरुंगात होते. आपलं मन त्या उडीच्या बाजूने उभं राहतं आणि ते योग्यच आहे. पण पहाऱ्याच्या अंगाने पाहिलं तर ठाणे आणि मार्सेल या दोन्ही ठिकाणी फट एकच होती. शौचाला जाऊ देणं नाकारता येत नाही, तिथे माणसाला आडोसा द्यावाच लागतो, आणि म्हणून ती जागा आधी आतून पाहून घ्यावी लागते. जुने हवालदार नव्या पोराला हे पहिल्याच दिवशी बजावतात.

अशा प्रत्येक घटनेवर सरकारी उत्तर ठरलेलं असे: लोखंड. बेड्या आणि साखळदंड ही इतकी सवयीची गोष्ट झाली की न्यायाधीन बंद्याला, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसालाही, भर बाजारातून हातकडी घालून नेण्यात कुणाला काही वावगं वाटेना. या सवयीला धक्का बसला तो तिहारमधल्या एका बंद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पाठवलेल्या तारेमुळे. प्रेमशंकर शुक्ला खटल्यात १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी सरसकट हातकडी घालणं घटनाबाह्य ठरवलं. घालायचीच तर कारण लिहून ठेवा आणि न्यायालयाची संमती घ्या, असं बजावलं. निकालातला एक भाग फारसा कुणी लक्षात ठेवत नाही. हातकडीला पर्याय काय, याचंही उत्तर न्यायालयाने दिलं होतं: सोबतच्या पोलिसांची संख्या वाढवा, सुरक्षित वाहनं द्या आणि या कामावरच्या पोलिसांना विशेष प्रशिक्षण द्या. १९९५ मध्ये न्यायालयाने दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची अट आणखी पक्की केली. माझ्या मते हातकडीवरचं बंधन पोलिसांपर्यंत जितक्या ठळकपणे पोचलं, तितकं प्रशिक्षणाचं वाक्य पोचलं नाही.

याची किंमत पहाऱ्यावरचा माणूसही मोजतो. १२ सप्टेंबर १९९२ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार घेणाऱ्या आरोपीवर हल्लेखोर चालून आले, तेव्हा त्याच्या बंदोबस्तावरचे २ पोलीस मारले गेले. आणि समजा बंदी पळालाच, तर निष्काळजीपणाबद्दल संबंधित पोलिसाला २ वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. पूर्वी ती भारतीय दंडविधानाच्या कलम २२३ मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २६१ मध्ये आहे. ज्याच्या अंगावर इतकी जोखीम टाकायची, त्याला त्या कामासाठी नीट तयार करणं हे सरकारचं देणं आहे.

अडचण खात्यांच्या रचनेतही आहे. कारागृहाच्या आतला पहारा कारागृह विभागाचा. त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी येरवड्याला दौलतराव जाधव यांच्या नावाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे. दाराबाहेरची ने-आण मात्र पोलिसांकडे. दारातली ती काही मिनिटं फार महत्त्वाची असतात. वॉरंटवरचं नाव, अंगावरच्या ओळखखुणा, झडती, आजारपण, आदल्या दिवशी कुणाशी झालेलं भांडण, घरून आलेली वाईट बातमी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कागदावर उतरतात. उरलेलं आतल्या शिपायाला ठाऊक असतं, पण ते बाहेरच्या हवालदाराला सांगायचा रिवाज पक्का नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत, बंद्याशी रोजच्या बोलण्यावागण्यातून धोका आधी ओळखणं हा प्रशिक्षणाचा भाग मानला आहे. बळाचा वापर आणि प्रथमोपचारही त्यातच येतात. पण हे नियम बोलतात कारागृह कर्मचाऱ्यांविषयी, आणि आपल्याकडे गाडीत बसतो पोलीस.

२३ सप्टेंबर २०२४ ला हा विषय पुन्हा ठाण्याच्या दारात आला. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या आरोपीला तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून मेला. त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी चालवली, असं पोलिसांनी सांगितलं. इतक्या पोलिसांना एक माणूस आवरता कसा आला नाही, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने केला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकारी चौकशीच्या अहवालात गाडीतल्या ५ पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं. दोष कुणाचा हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण बंद्याशेजारी बसणाऱ्याच्या कमरेला भरलेलं शस्त्र असावं का, असलं तर कुठल्या बाजूला, आणि झटापट झाली तर हाताने कसं आवरायचं, हे तालमीचे प्रश्न आहेत आणि ते गाडी निघण्याआधी सुटायला हवेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी अशा प्रकरणांत हातकडीला पुन्हा जागा दिली आहे. दुसरीकडे रिमांडच्या कित्येक तारखा व्हिडिओच्या पडद्यावर होऊ लागल्याने गाडीच्या फेऱ्या वाचतात. पडद्यावर उरकत नाहीत त्या फेऱ्या अवघड असतात: इस्पितळातला रात्रीचा मुक्काम, साक्षीदारासमोरची ओळख, घरच्या माणसाच्या अंत्यविधीला बंदोबस्तात नेणं. ठाणे आणि नवी मुंबईच्या मुख्यालयांनी कैदी पार्टीसाठी वेगळा वर्ग घ्यायचा ठरवला, तर सुरुवात कवायतीच्या मैदानाऐवजी सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात करावी आणि कारागृहाच्या शिपायांनाही त्याच बाकावर बसवावं.