आरतीचं ताट, बाकं आणि मराठी मिस्सा : पार्श्वभूमी

वसईत एखाद्या धर्मगुरूच्या रौप्यमहोत्सवाची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) असली की लुगडी नेसलेल्या बायका ताटं घेऊन वेदीपुढे येतात. एका ताटात फुलं, दुसऱ्यात धूप, तिसऱ्यात दिवा. पेटीवर सूर धरलेला असतो. पुढच्या बाकांवरचे बरेच हात जोडलेले दिसतात. मागे एखादे आजोबा मात्र हातातली रोझरी (जपमाळ) घट्ट धरून खाली बघत राहतात. त्यांची नाराजी आजची नाही. ती समजायची तर 1969 सालाकडे जावं लागतं.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला. लॅटिन कायम ठेवून लोकभाषेला वाट दिली आणि त्या त्या लोकांच्या चालीरीतींतलं जे श्रद्धेशी विसंगत नाही ते उपासनेत आणायला दार उघडलं. भारतातून त्यावर बारा मुद्द्यांचा प्रस्ताव गेला आणि 25 एप्रिल 1969 रोजी रोमने तो मान्य केला.

हे बारा मुद्दे आज फार थोड्यांनी मुळातून वाचले आहेत, म्हणून जरा तपशिलात सांगतो. जमिनीवर मांडी घालून बसता येईल, पादत्राणं काढता येतील. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकून नमस्कार करता येईल. प्रायश्चित्तविधीच्या वेळी गुडघे, हात आणि कपाळ टेकवून केलेला पंचांग प्रणाम चालेल. पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला बोटं लावून ती डोळ्यांना किंवा कपाळाला लावता येतील. शांतीची खूण नमस्काराने देता येईल. मेणबत्त्यांच्या जागी तेलाचे दिवे, वेदीवरच्या कॉर्पोरलच्या (पवित्र पात्रांखाली अंथरायच्या कापडाच्या) जागी ताट, जड झग्यांऐवजी साधा अंगरखा आणि उपरणं. धर्मगुरूचं स्वागत एकेरी आरतीने, तर अर्पणाच्या वेळी आणि मुख्य कृतज्ञतास्तवनाच्या (मिस्सेतल्या मध्यवर्ती प्रार्थनेच्या) शेवटी दुहेरी किंवा तिहेरी आरती. ‘तिहेरी’ म्हणजे तीनदा ओवाळणं असा समज पसरला आहे, तो चूक आहे. फुलं, धूप आणि दीप अशी तिन्हींची आरती, हा तिचा अर्थ.

यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात ‘करता येईल’ आहे. कुठेही ‘करावं’ नाही. सक्ती नव्हती, आपल्या भागात काय घ्यायचं ते स्थानिक पातळीवर ठरायचं होतं. पण गावागावांत बातमी पोचली ती ‘आता मिस्सा हिंदू पद्धतीने होणार’ अशी, आणि विरोधकांचा पहिला आक्षेप हाच होता. दुसरा आक्षेप कार्यपद्धतीवर होता: एवढा मोठा बदल समोरासमोर नीट चर्चा न करता, घाईने उरकला. माझ्या मते हा आक्षेप वजनदार आहे. निर्णय योग्य असला तरी लोकांना विश्वासात घेतलं नाही, याची किंमत तो निर्णय अजून मोजतो आहे.

सगळ्यात मोठा गुंता ‘भारतीय’ या शब्दाचा. भारतीय म्हणजे कोणाचं? कॉलर चढवलेला, फिडलच्या सुरावर वरातीत चालणारा वसईकर किंवा साष्टीतला ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातला मूळचा कॅथलिक) हा अभारतीय होता का? 1534 पासून पोर्तुगीज अमलाखाली आणि 1739 नंतर मराठ्यांच्या राज्यात ज्यांनी आपली उपासना टिकवली, त्यांना लॅटिन स्तोत्रं परकी वाटत नव्हती. ती आजीच्या तोंडची होती. दुसऱ्या बाजूने दलित ख्रिस्ती विचारवंतांनी बोट ठेवलं ते आणखी खोल जागी. संस्कृत मंत्र, पंचांग प्रणाम, उपरणं हे सगळं देवळातून उचललेलं. आणि ज्या देवळात आमच्या आजोबांना पाऊल ठेवू दिलं नाही, तिथलेच विधी आता आम्हाला ‘तुमची संस्कृती’ म्हणून का देता? या प्रश्नाला बारा मुद्द्यांत उत्तर नाही. नगर-जालन्याकडच्या मंडळींचा ढोल, त्यांच्या ओव्या, त्यांची पालखी यांतलं त्या यादीत काहीच नव्हतं.

खरं तर मराठीत याआधी दुसरी वाट पडली होती. 1616 साली गोव्यातल्या राचोलला छापलेलं ख्रिस्तपुराण हे बायबलच्या कथांचं मराठी काव्य ओवीबद्ध आहे, आणि ते भाविकांना वाचून, गाऊन दाखवलं जाई. गोव्यात 1684 साली स्थानिक भाषेवरच बंदीचं फर्मान निघालं आणि ती धार आटली. प्रॉटेस्टंट बाजूला 19व्या शतकात अमेरिकन मिशनरी स्तोत्रं मराठीत आणत होते, पण बरीचशी विलायती चालीवर. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत कसे ओढले जात, ते अशी गीतं गायलेल्याला सांगायला नको. मग अहमदनगरकडे कीर्तन उभं राहिलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांचे अभंग आणि पदं मंडळ्यांच्या तोंडी बसली ती आजतागायत. तिथे ताटाचा वाद झाला नाही, कारण बदल हातातल्या वस्तूंपासून नव्हे, गळ्यापासून सुरू झाला होता.

भाषेचा बदल कॅथलिक बाजूलाही आरतीपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तो तुलनेने शांतपणे पार पडला. त्यातही एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. वसईत ‘मातृभाषेतली मिस्सा’ आली ती प्रमाण मराठीत. घरात मात्र सामवेदी किंवा वाडवळी बोली. मुंबईत तर अनेक ईस्ट इंडियन घरांसाठी लोकभाषा म्हणजे इंग्रजीच ठरली, आणि एकाच चर्चमध्ये इंग्रजी, कोंकणी, मराठी मिस्सांच्या वेळांवरून रुसवेफुगवे सुरू झाले.

1975 साली रोमने प्रयोगांना लगाम घातला. मिस्सेत हिंदू धर्मग्रंथांतून वाचन करणं आणि मंजुरी नसलेलं भारतीय कृतज्ञतास्तवन वापरणं थांबवायला सांगितलं. बारा मुद्दे मात्र कायम राहिले. त्याच दशकात मुंबईत करिझ्मॅटिक प्रार्थनासभा सुरू झाल्या. टाळ्या, गिटार, मोठ्याने स्तुती. तरुण तिकडे ओढले गेले आणि ‘नवं’ या शब्दाचा अर्थच बदलला. आता नवं म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यावर उमटणारे गीताचे शब्द, आणि आरती जुन्यांच्या खात्यात गेली. 2007 साली जुन्या लॅटिन मिस्सेला मोकळीक मिळाली, 2021 साली ती पुन्हा आवळली गेली. 2020च्या टाळेबंदीत मोबाइलवर मिस्सा पाहिली गेली, तेव्हा तर बसायचं, उठायचं की गुडघे टेकायचे, हे ज्याचं त्यानेच घरात ठरवलं.

बारांपैकी आज वसईत खरोखर रुजलेलं म्हणजे शांतीच्या खुणेचा नमस्कार, समईचं प्रज्वलन आणि सणासमारंभाची आरती. कॉर्पोरलच्या जागी ताट मी एखाद्या आश्रमाखेरीज कुठे पाहिलेलं नाही. मांडी घालून बसणं कोणी नाकारलं नाही, कोणी त्याविरुद्ध सभाही घेतली नाही. चर्चमध्ये लाकडी बाकं ओळीने पक्की बसवलेली होती, आणि ती हलवायची का, हा प्रश्न एकाही बैठकीत निघालेला मी ऐकलेला नाही.