दैनिक भत्ता व प्रवास भत्ता

कामानिमित्त नेहमीचे कार्यस्थळ सोडून बाहेरगावी जावे लागलेल्या व्यक्तीला जेवणखाण, मुक्काम व येण्याजाण्याचा खर्च भागवण्यासाठी वेतनाव्यतिरिक्त दिली जाणारी रक्कम. भाड्यापोटी मिळतो तो प्रवास भत्ता; मुख्यालयाबाहेर काढलेल्या दिवसांच्या हिशेबाने मिळतो तो दैनिक भत्ता. कचेरीच्या बोलीत दोहोंना मिळून ‘टीए-डीए’ म्हणतात. मात्र नुसते ‘डीए’ म्हटले की बहुधा महागाई भत्ताच समजला जातो, आणि या दोन भत्त्यांचा परस्परांशी संबंध नाही (अपवाद पुढे आला आहे). खासगी कंपन्यांत, विशेषतः परदेशी नेमणुकीच्या संदर्भात, ‘पर डिएम’ हा लॅटिन शब्दप्रयोग रूढ आहे. त्याचा अर्थ ‘दिवसागणिक’ एवढाच.

हा भत्ता कमाई नव्हे, भरपाई होय, असे तत्त्व सर्वत्र सांगितले जाते. भारत सरकारच्या मूलभूत नियमांतील (अंमल १ जानेवारी १९२२ पासून) नियम ४४ मध्ये ते स्पष्ट आहे : भत्त्याचे दर असे ठरवावेत की एकंदरीत पाहता तो घेणाऱ्याच्या नफ्याचे साधन होऊ नये. व्यवहारात मात्र घेणारे आणि देणारे दोघेही त्याला वेतनाचा भाग करू पाहतात. या विषयातले बहुतेक नियम व खटले याच ओढाताणीतून आले आहेत.

व्युत्पत्ती : ‘भत्ता’ या शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने (१८८६, क्रुक यांची सुधारित आवृत्ती १९०३) इंग्रजी लिखाणातील ‘बट्टा’ या एकाच रूपात दोन शब्द मिसळल्याचे दाखवले. पहिला लष्करी व सरकारी चाकरांच्या जादा पैशाचा. दुसरा नाणी बदलताना द्यावा लागणारा वटाव. ‘नावाला बट्टा लागणे’ यातला बट्टा या दुसऱ्या घरातला. पहिल्याचे मूळ सांगणे कठीण असल्याचे कोशकारांनी मान्य केले आहे. नांगरधाऱ्यांना धान्यरूपाने मिळणाऱ्या मजुरीचे काही ग्रामीण हिंदी शब्द, ‘बहुत’ हा शब्द, आणि ओझ्याच्या खोगिरासाठीचा युरोपीय लष्करी शब्द ‘बात’ अशा तीन शक्यता त्यांनी मांडल्या. त्यांपैकी ‘बहुत’ त्यांनाही फारसा पटलेला नाही.

संस्कृत ‘भक्त’ (शिजवलेले अन्न, वाटा) याच्याशी संबंध जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते. पण त्यात एक ध्वनिशास्त्रीय अडचण आहे. सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात या क्रमाने ‘भक्त’चे मराठी रूप ‘भात’ होते, आणि ते झालेही आहे. हिंदीतही तसेच. मग ‘भत्ता’तला जोड ‘त्त’ टिकला कसा? जेथे असे द्वित्त टिकते अशा भाषेतून तो आला असावा, असे मानावे लागते. पंजाबीत ‘भत्ता’ म्हणजे शेतात राबणाऱ्यासाठी घरून नेलेली न्याहारी. डोक्यावर भत्ता घेऊन बांधावरून चाललेली बाई तिथल्या लोकगीतांत नेहमी भेटते. कन्नडमध्ये ‘भत्त’ म्हणजे साळ. गोव्यातील पोर्तुगीज दप्तरातील १५४८ ची एक नोंद या दृष्टीने उद्‌बोधक आहे. सिमाँव बोतेल्यु यांच्या जमाबंदीच्या वहीत फराशांना दरमहा रोख पगार आणि ‘बाटा’साठी काही तांगा (त्या काळचे नाणे) अशी वेगळी रक्कम लावलेली आढळते. या वहीच्या संपादकाच्या मते हा शब्द साळीचाच. यूल-बर्नेल यांचे म्हणणे असे की, तसे असले तरी त्याचा उपयोग हुबेहूब पोटखर्चाच्या अर्थी झाला आहे. ही दोन मते एकमेकांना छेदतात असे नाही. आधी धान्य, मग धान्याचे पैसे, मग नुसते पैसे हा क्रम स्वाभाविक आहे. अहमदनगर-नाशिककडे चुरमुऱ्यांच्या सुक्या मिश्रणालाही ‘भत्ता’ म्हणतात. त्याचा या शब्दाशी संबंध असल्यास तो अन्नाच्या अर्थानेच असणार.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : कौटिलीय अर्थशास्त्रातील भृत्यभरणाच्या, म्हणजे चाकरांच्या वेतनाच्या, प्रकरणात (५.३) मध्यम दर्जाच्या दूताला योजनामागे (योजन हे अंतराचे माप) दहा ‘पण’ (नाणे), आणि दहा योजनांपलीकडे शंभर योजनांपर्यंत दुप्पट वेतन सांगितले आहे. अंतरावर बेतलेल्या मोबदल्याचा हा बहुधा सर्वांत जुना भारतीय उल्लेख असावा. त्याच प्रकरणात साठ पण वेतनामागे एक आढक (धान्याचे माप) या प्रमाणात ‘भक्त’ म्हणजे अन्न देण्याचा हिशेब येतो. या ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. र. पं. कंगले यांनी तो मौर्यकालीन मानण्याकडे कल दाखवला. ट्राउटमान यांनी शब्दवापराच्या सांख्यिकी अभ्यासावरून (१९७१) अनेक कर्ते सुचवले. ऑलिव्हेल मूळ रचना इ. स. पूर्व पहिले शतक ते इ. स. दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध या दरम्यान ठेवतात. अलीकडचे अभ्यासक उत्तरकालीन मताकडे झुकलेले दिसतात. दूताच्या दुप्पट दराला ‘वेतन’ म्हटले आहे, ‘भक्त’ नव्हे, ही बाब मात्र कोणत्याही कालनिर्णयात महत्त्वाची ठरते.

मराठेशाहीच्या कागदांत ‘रोजमुरा’, ‘शिधा’, ‘मसाला’ असे शब्द येतात. यांतला मसाला लक्षणीय : सरकारातून बोलावणे घेऊन प्यादा आला की त्याच्या चालीचा खर्च, ज्याला बोलावले त्याच्याकडून वसूल होई. म्हणजे प्रवास सरकारी कामाचा, भत्ता रयतेच्या खिशातून. दिवाणी न्यायालयात साक्षीदाराला समन्स काढायचे तर त्याच्या प्रवासाचा व इतर खर्च ज्याने बोलावले त्या पक्षकाराने आधी भरावा, असा नियम आजही आहे (दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, आदेश १६). वकिलांच्या बोलीत यालाच ‘भत्ता भरणे’ म्हणतात.

कंपनी सरकारचा काळ : लष्करी भत्ता मुळात मोहिमेपुरता होता, तो हळूहळू पगाराचाच भाग झाला. प्लासीनंतर मीर जाफरने बंगालमधील इंग्रज अधिकाऱ्यांना दुप्पट भत्ता दिला. नवाबाची मर्जी म्हणून सुरू झालेला हा भत्ता पुढे हक्क ठरला. क्लाइव्हने जानेवारी १७६६ पासून तो बंद केला, तेव्हा अधिकाऱ्यांनी एकाच वेळी राजीनामे देण्याचा कट केला. क्लाइव्हने तो मोडून काढला. मुंगेरच्या फौजेचा प्रमुख सर रॉबर्ट फ्लेचर याला बडतर्फ करण्यात आले. गव्हर्नर-जनरल बेंटिंकच्या २९ नोव्हेंबर १८२८ च्या हुकुमाने बराकपूर, डमडम, बहरामपूर व दानापूर या ठाण्यांवरचा भत्ता निम्मा झाला, आणि त्याचा राग अधिकाऱ्यांच्या मनात कित्येक वर्षे राहिला. हिंदी शिपायांचे गाऱ्हाणे यापेक्षा खरे होते. १८२४ मध्ये बराकपूरच्या पलटणीला ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी कूच करायचे होते. सामान वाहायला बैल मिळेनात, मिळाले तर परवडेनात. दुप्पट भत्त्याची व वाहनाची मागणी करणाऱ्या शिपायांवर तोफा चालवल्या गेल्या. अधिकाऱ्यांच्या कटाची कागदपत्रे भरपूर, शिपायांची बाजू त्यामानाने फार थोडी. इतिहासग्रंथांतील पानांचे प्रमाणही तसेच पडले आहे.

सरकारी नियम : मूलभूत नियमांना जोडलेल्या पूरक नियमांत आणि राज्यात मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ मध्ये प्रवास भत्त्याची सविस्तर चौकट आहे, वेळोवेळीच्या शासन निर्णयांनी तिचे दर बदलतात. फिरती, मुख्यालय, मैलभत्ता, कायम प्रवास भत्ता, अग्रिम, प्रतिस्वाक्षरी ही परिभाषा त्यातूनच रुळली. कार्यस्थळापासून ८ किमी त्रिज्येच्या बाहेर न गेल्यास केंद्राच्या नियमांनुसार त्या दिवसाचा दैनिक भत्ता मिळत नाही. पूर्वी ही मर्यादा ५ मैल होती.

सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र शासनाने १३ जुलै २०१७ च्या ज्ञापनाने दैनिक भत्त्याचे निवास, शहरांतर्गत प्रवास व अन्न असे भाग पाडले. अन्नासाठी दिवसाला वेतनस्तर ५ पर्यंत ५०० रुपये, ६ ते ८ ला ८००, ९ ते ११ ला ९००, १२-१३ ला १,००० आणि त्यावर १,२०० असे दर ठरले. निवासाची कमाल मर्यादा याच क्रमाने ४५०, ७५०, २,२५०, ४,५०० व ७,५०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्के वाढतात. वर सांगितलेला अपवाद तो हाच. जेवणाची बिले मागायची नाहीत, ठोक रक्कम द्यायची, असे ठरले. गैरहजेरी ६ तासांपर्यंत असेल तर ३० टक्के, ६ ते १२ तास ७० टक्के, त्याहून अधिक असेल तर पूर्ण. मात्र दिवस मोजायचा तो मध्यरात्र ते मध्यरात्र.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्तर ६ चा कर्मचारी सोमवारी रात्री १० वाजता सोलापूरहून रेल्वेने निघाला, मंगळवारी मुंबईत काम करून रात्री परतीच्या गाडीत बसला आणि बुधवारी पहाटे साडेपाचला पोचला. मूळ दराने सोमवारचे २ तास (२४० रुपये), मंगळवार पूर्ण (८००), बुधवारचे साडेपाच तास (२४०) मिळून १,२८० रुपये होतात. गाडी तासभर उशिरा आली तर बुधवारचे ५६० होतात, एकूण १,६००. दौंडजवळ गाडी थांबल्यावर सगळेच प्रवासी कुरकुरतात असे नाही.

प्रवासाचे देयक एक वर्षात सादर करण्याची मुदत केंद्राने मार्च २०१८ मध्ये ६० दिवसांवर आणली. निवासाच्या खर्चासाठी स्तर ८ व त्याखालील कर्मचाऱ्यांचे स्वयंप्रमाणन पावतीविना स्वीकारले जाते. पावत्यांची छाननी करण्यात रकमेपेक्षा जास्त वेळ जातो, हे उशिरा का होईना मान्य झाले म्हणायचे.

खासगी क्षेत्र : येथे दर करारावर अवलंबून असतो. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींमध्ये मुख्यालय, ‘एक्स-स्टेशन’ (त्याच दिवशी परत) व ‘आउटस्टेशन’ (मुक्कामी) अशी त्रिस्तरीय दररचना सर्वपरिचित आहे. एसटीच्या मुक्कामी गाडीची ‘रात्रवस्ती’, नाटकाचा दौरा, पर्यटक गाडीच्या बिलातील दिवसाला किमान २५० किंवा ३०० किमी आणि वर ‘ड्रायव्हर भत्ता’ ही त्याच कल्पनेची रूपे. तमिळ व मल्याळम चित्रपटसृष्टीत रोजच्या भत्त्याला ‘बाटा’ म्हणतात. बोतेल्यु यांच्या वहीतला शब्द तिथे जिवंत आहे.

परदेशी पाठवलेल्या संगणक अभियंत्यांचा ‘पर डिएम’ हा मराठी मध्यमवर्गाला सर्वांत परिचित प्रकार असावा. अमेरिकेत संघराज्य शासनाच्या नोकरांसाठी दर ऑक्टोबरपासून नवे दर लागू होतात (आर्थिक वर्ष २०२५ साठी प्रमाण दर : निवास ११० डॉलर, जेवण व किरकोळ ६८ डॉलर, प्रवासाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी जेवणाचे ७५ टक्के), आणि अनेक खासगी कंपन्या तेच प्रमाण धरतात. सामानातून नेलेला तीन लिटरचा कुकर आणि खोलीवरचा वरणभात यांतून उरलेल्या डॉलरांवर पुण्यातल्या फ्लॅटचे पहिले हप्ते गेल्याच्या कथा घरोघरी आहेत. नियम ४४ ला हे मंजूर झाले नसते. पण ठोक दर पत्करला की बचत घेणाऱ्याची, हे त्यात गृहीतच असते.

वेतन की भरपाई : कायद्याच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात कलम १०(१४) व नियम २ बीबी यांनुसार दौरा किंवा बदलीचा प्रवासखर्च आणि नेहमीच्या कार्यस्थळापासून दूर असल्यामुळे होणारा रोजचा खर्च भागवणारा भत्ता, प्रत्यक्ष खर्चापुरता, करमुक्त होता. २०२५ च्या नव्या अधिनियमाने कलमांचे क्रमांक बदलले. घर ते कचेरी या रोजच्या जाण्यायेण्याचा भत्ता यात बसत नाही. त्यावरची दरमहा १,६०० रुपयांची सूट २०१८-१९ पासून प्रमाणित वजावटीत विरली (अपंग कर्मचाऱ्यांची वेगळी तरतूद राहिली). भविष्यनिर्वाह निधीबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, सरसकट सर्वांना मिळणारा भत्ता, त्याला नाव काहीही द्या, मूळ वेतनात धरला जाईल. कर्मचारी राज्य विमा अधिनियमातील वेतनाच्या व्याख्येतून प्रवास भत्ता वगळलेला होता, आणि वाहन भत्ताही त्यातच मोडतो असा निर्णय २०२१ मध्ये झाला. वेतन संहिता, २०१९ ने वेगळी वाट धरली : वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर वरचा भाग वेतनच समजायचा. फिरतीचा हुकूम, गेल्या-आल्याची वेळ व ठरलेला दर यांची नोंद नसेल तर मालकाला भत्ता भत्ता म्हणून टिकवता येत नाही.

कामगाराच्या बाजूने धोका उलटा होता. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ (२०२५ पर्यंत लागू) मधील वेतनाच्या व्याख्येतून प्रवास भत्ता वगळला होता. पगार कमी आणि भत्ता भरघोस अशा बोलीवर गाडी चालवणाऱ्याला महिनाअखेर हातात येणारी रक्कम बरी दिसे. रस्त्यात अपघात झाला तर भरपाईचा हिशेब पगारावरून होई, आणि भत्ता प्रवासखर्चाचा ठरला तर तो त्यात येत नसे.

स्थलांतरित मजूर : आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ नुसार ठेकेदाराने मजुराला जातायेता किमान भाड्याइतका प्रवास भत्ता, प्रवासकाळाचे वेतन, आणि मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये यांपैकी जास्त असलेला विस्थापन भत्ता द्यायचा होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत प्रवास भत्ता राहिला, विस्थापन भत्ता गळाला. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे जाणारा ऊसतोड मजूर राज्याची सीमा ओलांडत नसल्याने १९७९ च्या कायद्यात कधीच बसला नाही; तोच बेळगावकडे गेला तर कागदोपत्री बसत होता. दोन्हीकडे त्याच्या हाती पडते ती मुकादमाची उचल. ती भत्ता नव्हे, कोयत्यामागे (ऊसतोड करणाऱ्या जोडप्यामागे) घेतलेली आगाऊ मजुरी असते आणि हंगामभर तोडीतून फिटते.