आयनेसची पातळी म्हणजे आणीबाणीचा वर्ग नव्हे

११ मार्च २०१६ रोजी सकाळी गुजरातमधील काकरापार अणुवीज केंद्राच्या पहिल्या अणुभट्टीत जड पाण्याची गळती झाली, अणुभट्टी आपोआप बंद पडली आणि केंद्राने ‘प्लांट इमर्जन्सी’ जाहीर केली. याच घटनेला अणुऊर्जा नियामक मंडळाने आयनेस या, अणुघटनांचे गांभीर्य सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर १ ही पातळी दिली, म्हणजे जवळजवळ तळाची. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की हमखास एक प्रश्न येतो: आणीबाणी होती, तर पातळी इतकी खालची कशी? कोणीतरी काहीतरी दडपत असणार, असा निष्कर्षही पाठोपाठ येतो. या प्रकरणी तरी ही विसंगती खरी नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच प्रश्नाची समजून वाचली गेली, इतकेच.

आयनेस बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात उरकतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९० साली इतर भागीदारांसह ती आणली. १ ते ३ या पातळ्या ‘घटना’ मानल्या जातात आणि ४ ते ७ ‘अपघात’. प्रत्येक पायरीला गांभीर्य साधारण दहापट वाढते असे धरले जाते. भूकंपाच्या मोजपट्टीशी तिची तुलना करण्याची खोड मात्र सोडलेली बरी, कारण भूकंपाची तीव्रता उपकरण नोंदवते, तर आयनेसची पातळी तज्ज्ञ माहिती तपासून ठरवतात.

आणीबाणीचा वर्ग मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि सगळा गोंधळ तिथे आहे. भारतात परिणाम केंद्रातील यंत्रणेपुरता मर्यादित असेल तर प्लांट इमर्जन्सी, केंद्राच्या हद्दीपर्यंत पोहोचण्याची शक्यता असेल तर साइट इमर्जन्सी आणि हद्दीबाहेरच्या लोकवस्तीला धोका असेल तर ऑफसाइट इमर्जन्सी, अशा पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर बाहेरच्या कारवाईची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. हा वर्ग ठरतो तो नियंत्रण कक्षात, हाती असलेल्या अपुऱ्या माहितीवर, आणि त्यासाठी विचारलेला प्रश्न ‘काय झाले’ हा नसून ‘पुढच्या काही तासांत काय होऊ शकते’ हा असतो. काही झाले नाही तर वर्ग मागे घेता येतो आणि त्यात कोणाची नामुष्की नाही. आयनेसची पातळी याच्या उलट दिशेने पाहते: जे घडून गेले त्यात लोकांवर व पर्यावरणावर किती परिणाम झाला, किरणोत्सारी द्रव्य अडवणारे अडथळे किती ढासळले आणि सुरक्षेचे किती थर निकामी झाले. आपत्कालीन कारवाई ठरवण्यासाठी ही पातळी वापरू नये, असे आयनेसची अधिकृत नियमपुस्तिकाच सांगते.

जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रातील अपघाताचे घड्याळ पाहिले की फरक डोळ्यांसमोर उभा राहतो. ११ मार्च २०११ रोजी सायंकाळी ७ वाजून ३ मिनिटांनी जपान सरकारने अणुआणीबाणी जाहीर केली; तोवर एकही स्फोट झालेला नव्हता. रात्री ९ वाजून २३ मिनिटांनी ३ किलोमीटरच्या परिघातून स्थलांतराचा आदेश निघाला, पहाटे तो परीघ १० किलोमीटर झाला आणि १२ तारखेच्या सायंकाळी २० किलोमीटर. याच सुमारास तिथल्या नियामकांनी दिलेली तात्पुरती पातळी होती ४, जिचा अर्थ ‘स्थानिक परिणाम असलेला अपघात’. १८ मार्चला ती ५ झाली आणि १२ एप्रिलला एकदम ७. त्या दिवशी अनेकांना वाटले की फुकुशिमात रातोरात काहीतरी भयंकर घडले. प्रत्यक्षात हवेत गेलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा मोठा भाग मार्चच्या मध्यालाच बाहेर पडला होता. एप्रिलमध्ये बदलला तो या द्रव्याचा हिशोब. आदल्याच दिवशी, ११ एप्रिलला, इइताते गावासह आणखी काही भाग रिकामे करण्याचे ठरले होते, आणि त्यामागे आयनेसचा आकडा नव्हता, तर तिथल्या माणसाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा वर्षभरात २० मिलिसिव्हर्टपर्यंत (हे त्या मात्रेचे एकक) पोहोचू शकेल हा अंदाज होता.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचे उदाहरण तर आणखी निर्णायक आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे ४ वाजता बिघाड सुरू झाला आणि ७ वाजून २४ मिनिटांनी सर्वांत वरच्या वर्गाची आणीबाणी जाहीर झाली. त्याला आयनेसची ५ ही पातळी मिळाली ती मागाहून, कारण १९७९ साली ती मोजपट्टी अस्तित्वातच नव्हती.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात, एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू उघडा पडला. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली, आणि घटनेला पातळी ४ मिळाली. काकरापारपेक्षा तीन पायऱ्या वर. तिथे अणुभट्टी नव्हती, नियंत्रण कक्ष नव्हता, आणि वर दिलेल्या तीन वर्गांपैकी एकही लागू करण्याजोगी ‘साइट’सुद्धा नव्हती.

‘सातव्या पातळीची आणीबाणी’ हा शब्दप्रयोग मला म्हणूनच खटकतो. आणीबाणीला अशी पातळीच नसते. ‘फुकुशिमा म्हणजे चेर्नोबिलइतकेच’ हेही तसेच. चेर्नोबिलच्या १९८६ मधील अणुअपघातात, सगळे किरणोत्सारी द्रव्य आयोडीन-१३१ या एकाच द्रव्याच्या तुलनेत मोजले तर, सुमारे ५२ लाख टेराबेक्वेरेल (किरणोत्सारितेचे एकक) बाहेर पडले, तर एप्रिल २०११ मधले फुकुशिमाचे दोन अंदाज ३.७ लाख आणि ६.३ लाख होते. दोन्ही सातव्या खणात बसतात ते त्या खणाला वरची मर्यादाच नाही म्हणून.

तारापूरच्या आसपास राहणाऱ्याने एखाद्या दिवशी बातमी वाचली, तर आधी पाहायचे ते वर्गाचे नाव आणि जिल्हा प्रशासनाची सूचना: घरात थांबायचे आहे, दारे-खिडक्या लावायच्या आहेत, की निघायचे आहे. आयनेसचा आकडा आणि त्यापुढचा ‘तात्पुरती’ हा शब्द चार दिवसांनी वाचला तरी चालतो.